तापाच्या जिवाणूचं नाव कसं ठरतं

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात आषाढ-श्रावणात आवणी चालू असते. राबावरची रोपं उपटायची आणि दिवसभर वाकून चिखलात लावायची. पाय अनवाणी, वरून पाऊस. याच दिवसांत इथल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. हिवताप, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि टायफॉइड पावसाळ्यात एकाच वेळी फिरत असतात. पहिल्या चार-पाच दिवसांत त्यांना एकमेकांपासून वेगळं काढणं अनुभवी डॉक्टरलाही अवघड जातं. समजा, पंचेचाळीस वर्षांची एक बाई आठ दिवस ताप अंगावर काढून आली आहे. हिवतापाची तपासणी निगेटिव्ह आहे, थोडा खोकला आहे, साखर वाढलेली आहे. डॉक्टरांनी रक्ताचं कल्चर पाठवायचं ठरवलं. त्या बाटलीत जो जिवाणू वाढेल, त्याचं नाव प्रयोगशाळा कशी ठरवते, ते इथे सावकाश, पायरीपायरीने पाहायचं आहे. अडचण अशी की अनेक जिवाणू दिसायला सारखे असतात, काही तर जनुकांच्या पातळीवरही जवळजवळ सारखे असतात, आणि तरीही एकावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

पहिली अट रक्त काढण्याच्या वेळेची आहे. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्त काढायला हवं. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात बहुधा एखादाच जिवंत जिवाणू असतो, कधी तेवढाही नसतो. म्हणून मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत घालतात आणि जमेल तिथे दोन वेगळ्या जागांवरून दोन बाटल्या भरतात. दोन-तीन मिलिलिटर रक्तावर भागवलं तर जिवाणू हाती लागण्याची शक्यता तिथेच कमी होते, आणि मग पुढची यंत्रं कितीही चांगली असली तरी तो तोटा भरून निघत नाही. भरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नसते. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर आहे. पावसाळ्यात घाटाचा रस्ता धरून बाटली पोचायला वेळ लागला तरी ती नेहमीच्या तापमानाला राहिलेली बरी, कारण थंडीने काही जिवाणू मरतात किंवा वाढायचे थांबतात.

प्रयोगशाळेत बाटली यंत्रात जाते. बाटलीत पोषक द्रव असतो आणि तळाशी कार्बन डायऑक्साइड ओळखणारा थर असतो. जिवाणू वाढू लागले की तो वायू तयार होतो, थराचा रंग किंवा चमक बदलते आणि यंत्र सूचना देतं. टायफॉइडचा जिवाणू बहुतेक वेळा एक ते दोन दिवसांत ही सूचना देतो. पाच दिवसांत काहीच वाढलं नाही तर बाटली निगेटिव्ह धरतात.

सूचना मिळाली की बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅमची रंगक्रिया करतात. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली ती प्रसिद्ध केली आणि आजही जवळपास प्रत्येक जिवाणूची ओळख तिथूनच सुरू होते. आपल्या काल्पनिक रुग्णाच्या थेंबात गुलाबी, आखूड काड्या दिसल्या. ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ एवढं डॉक्टरांना फोनवर कळवलं जातं. हे कळणं मोलाचं आहे, पण अशा दिसणाऱ्या जाती शेकड्यांनी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली टायफॉइडचा जिवाणू आणि आतड्यात निरुपद्रवी राहणारा ई. कोलाय शेजारी ठेवले, तर नुसतं पाहून कोणालाही फरक सांगता येणार नाही.

म्हणून जिवाणूला वेगवेगळ्या परिस्थितींत वाढवून तो काय करतो ते पाहावं लागतं. बाटलीतला थेंब ब्लड अगार आणि मॅकॉन्की अगार या दोन प्लेटांवर पसरतात. मॅकॉन्कीमध्ये पित्तक्षार असतात, त्यांत आतड्यातल्या जिवाणूंचा निभाव लागतो. त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते आणि आम्लात गुलाबी होणारा एक रंगही असतो. लॅक्टोज वापरणाऱ्या जिवाणूच्या वसाहती गुलाबी दिसतात, न वापरणाऱ्याच्या फिकट, बिनरंगाच्या. ई. कोलाय बहुधा गुलाबी उगवतो. साल्मोनेला आणि शिगेला बिनरंगाचे उगवतात. आपल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी फिकट वसाहती आल्या आहेत. ई. कोलायची शक्यता बरीच मागे पडली, पण साल्मोनेला, शिगेला, स्यूडोमोनास, बर्खोल्डेरिया आणि आणखी अनेक नावं अजून शिल्लक आहेत.

यानंतरची तपासणी दहा सेकंदांची आहे. ऑक्सिडेजच्या कागदावर वसाहतीचा कण घासायचा. कागद जांभळा झाला तर पॉझिटिव्ह, नाहीतर निगेटिव्ह. साल्मोनेला, शिगेला आणि ई. कोलाय यांच्या कुळात कागदाचा रंग बदलत नाही. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ, स्यूडोमोनास आणि बर्खोल्डेरिया तो जांभळा करतात. इथे वाट दुभंगते आणि पुढच्या तपासण्या वेगळ्या होतात. आधी निगेटिव्ह वाट पाहू. सुरगाण्याच्या पावसाळ्यात टायफॉइडची शक्यता नेहमीच विचारात घ्यावी लागते आणि टायफॉइडचा जिवाणू याच वाटेवर सापडतो.

या वाटेवर एक कुपी असते, तिला प्रयोगशाळेत टीएसआय म्हणतात. तिरका पृष्ठभाग, खाली खोल बुडखा, आणि आत तीन साखरा: ग्लुकोज थोडा, लॅक्टोज आणि सुक्रोज त्याच्या दहापट. सोबत लोहाचा क्षार आणि आम्लात पिवळा होणारा लाल रंग. सरळ तारेने जिवाणू बुडख्यात टोचायचा, मग तिरक्या भागावर फिरवायचा आणि रात्रभर ठेवायचा. फक्त ग्लुकोज खाणारा जिवाणू आधी सगळी कुपी पिवळी करतो. पण ग्लुकोज थोडाच असतो. तो संपला की वरच्या भागात, हवेच्या सान्निध्यात, जिवाणू प्रथिनांचे तुकडे वापरू लागतो आणि तो भाग पुन्हा लाल होतो. बुडखा पिवळाच राहतो. सकाळी ‘वर लाल, खाली पिवळा’ दिसलं की लॅक्टोज आणि सुक्रोजला त्याने हात लावलेला नाही हे कळतं. गंधकाचा वायू तयार झाला तर तो लोहाशी मिळून काळा डाग पडतो. आंबताना वायू झाला तर अगारला भेगा पडतात. या एका कुपीतून चार उत्तरं मिळतात. इतक्या कमी खर्चात एवढी माहिती देणारं दुसरं साधन मला माहीत नाही. अशी कुपी तालुक्याच्या पातळीवरही वापरता यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

टायफॉइडला कारण होणारा साल्मोनेला टायफी इथे नेमका ओळखू येतो: वर लाल, खाली पिवळा, वायू नाही, आणि दोन भागांच्या सांध्यावर काळ्या रंगाची बारीक रेघ. त्याचा जवळचा नातलग साल्मोनेला पॅराटायफी ए तसाच ताप आणतो, पण तो वायू करतो आणि काळा डाग बहुधा पाडत नाही. खात्रीसाठी दोन अमिनो आम्लांच्या कुप्या लावतात. टायफी लायसिनचं विघटन करतो, ऑर्निथिनचं करत नाही. पॅराटायफी ए नेमकं उलट करतो. शेवटी काचपट्टीवर अँटिसेरम घेऊन वसाहत त्यात मिसळतात. टायफी ओ-९ च्या आणि व्हीआयच्या सेरममध्ये दाणेदार गुठळ्या करतो, पॅराटायफी ए ओ-२ मध्ये. खरं तर हे दोघे एकाच जातीत मोडतात. साल्मोनेला एन्टेरिका या एका जातीत अडीच हजारांहून अधिक सेरोप्रकार आहेत आणि टायफी व पॅराटायफी ए हे त्यातलेच दोन.

दोघांवरचे उपचार जवळपास सारखेच असतील तर एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर लसीत आहे. टायफॉइडची नवी संयुग्मित लस टायफीच्या व्हीआय आवरणावर बेतलेली आहे आणि पॅराटायफी ए वर ते आवरण नसतं, म्हणून ही लस त्याला अडवत नाही. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने ही लस सार्वजनिक मोहिमेतून द्यायला सुरुवात केली. सरकारी पातळीवरचा जगातला हा पहिला प्रयोग होता आणि त्यात लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. अशा मोहिमेचा उपयोग झाला की नाही, हे मोजायचं तर प्रत्येक कल्चरमध्ये टायफी होता की पॅराटायफी ए, हे वेगळं नोंदलेलं असावं लागतं. दोघांना ‘साल्मोनेला’ या एका नावाखाली टाकलं तर लसीचा परिणाम त्या आकड्यांत दिसणारच नाही. आणि विडाल? जिल्ह्यातल्या लहान गावांत आजही टायफॉइडचं निदान बहुधा विडालवरच होतं. ती चाचणी रक्तातली प्रतिपिंडं मोजते, जिवाणू शोधत नाही. जुन्या संसर्गाने किंवा भलत्याच तापानेही ती वाढलेली दिसते. एकाच दिवशी काढलेल्या एका विडालवर कोणाला टायफॉइडचं नाव देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

आता शिगेलाकडे. तो रक्तात क्वचित सापडतो, रक्ताचे जुलाब झालेल्या रुग्णाच्या शौचात सापडतो. पण जवळच्या जाती वेगळ्या कशा करायच्या, हे त्याच्या उदाहरणातून सगळ्यांत चांगलं कळतं. थिओडोर एशेरिशने १८८५ मध्ये ई. कोलायचं वर्णन केलं, कियोशी शिगाने १८९७ च्या जपानी साथीत शिगेला शोधला. तेव्हा हे दोन वेगळे वंश ठरले. शंभर वर्षांनी जनुकं वाचता आली तेव्हा कळलं की शिगेला म्हणजे मुळात ई. कोलायच आहे. माणसाच्या आतड्याच्या पेशींत शिरण्याची क्षमता त्याने मिळवली आणि त्या नव्या जागेत नको असलेल्या बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या. शास्त्रीय वर्गीकरणाच्या दृष्टीने त्याला वेगळं नाव देण्याचं कारण उरलेलं नाही. तरीही वैद्यकात ते नाव ठेवलेलं आहे आणि ते योग्यच आहे, कारण शौचात ई. कोलाय सापडला तर ती बातमी नसते, शिगेला सापडला तर गावाच्या पाण्याकडे धावावं लागतं.

शिगेलाने सोडलेल्या गोष्टींत एक महत्त्वाची आहे: पोहणं. ई. कोलायला शेपटासारखे तंतू असतात आणि बहुतेक वाणांना त्यांनी पोहता येतं. शिगेलाला पोहता येत नाही. अर्धवट घट्ट अगारच्या नळीत मधोमध जिवाणू टोचला की दुसऱ्या दिवशी ई. कोलाय टोचलेल्या रेषेपासून सगळीकडे पसरून नळी गढूळ करतो. शिगेला त्या रेषेवरच थांबतो. ही नळी स्वस्त आहे आणि तिला वीजही फारशी लागत नाही. विशेष म्हणजे, जिवाणूंच्या आणखी दोन प्रसिद्ध जोड्या हीच नळी वेगळ्या करते आणि त्या दोन्हींचा संबंध आपल्या भागाशी आहे.

पहिली जोडी प्लेगची. यर्सिनिया पेस्टिस हा प्लेगचा जिवाणू काही हजार वर्षांपूर्वी यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या पोटाचा आजार देणाऱ्या जिवाणूपासून निघाला. पिसवा आणि उंदीर यांच्यात राहू लागल्यावर त्याने पोहणं सोडलं, युरिया फोडणंही सोडलं. स्यूडोट्युबरक्युलोसिस युरियाची कुपी गुलाबी करतो, पेस्टिस करत नाही. पोहण्याच्या चाचणीत मात्र एक बारकावा आहे. स्यूडोट्युबरक्युलोसिस पंचवीस अंशांच्या आसपास पोहतो, सदतीस अंशांवर पोहत नाही. नळी सवयीने माणसाच्या तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली तर दोघांचं उत्तर सारखं येतं आणि ओळख चुकते. प्लेगचा जिवाणू वाढवायचं आणखी एक तंत्र मुंबईत रुजलं होतं. १८९६ च्या प्लेगमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करताना पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांपासून जिवाणूंच्या झुबक्यांचे लोंबते धागे खाली वाढत. असे लोंबते धागे ही पुढे प्लेगच्या जिवाणूची एक ओळख मानली गेली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

मग १९९४ साल आलं. ऑगस्टच्या शेवटी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठी आलेले रुग्ण सापडले आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली. सुरत सुरगाण्याहून पश्चिमेला, घाट उतरून गेलं की फार लांब नाही. तिथून लाखो माणसं रेल्वेने आणि रस्त्याने बाहेर पडली. सुरतेत पन्नासहून अधिक माणसं दगावली. पण हा खरंच प्लेग आहे का, यावर देशभर वाद झाला. काही तज्ज्ञांनी मातीतल्या एका जिवाणूने होणाऱ्या मेलिऑइडोसिसची शंका घेतली, काहींनी हंताविषाणूची. मेलिऑइडोसिसची शंका निराधार नव्हती. प्लेगचा जिवाणू आणि मेलिऑइडोसिसचा जिवाणू, दोघेही रंगवल्यावर टोकांना गडद आणि मध्ये फिके दिसतात, अगदी सेफ्टी पिनसारखे. दोघांत कौटुंबिक नातं काहीच नाही, फक्त रूप सारखं. ऑक्सिडेजच्या एका कागदाने दोघे वेगळे होतात, पण त्यासाठी आधी जिवाणू प्लेटवर वाढलेला हवा. साथीच्या पहिल्या दिवसांत पुरेशी कल्चर हाती नव्हती आणि निदान मुख्यतः रंगक्रिया व प्रतिपिंडं यांवर उभं होतं. वाद वाढला तो त्यामुळे. सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक समिती नेमली. पुढे देशातल्या आणि परदेशातल्या प्रयोगशाळांनी सुरत व बीडच्या नमुन्यांतून मिळालेला जिवाणू यर्सिनिया पेस्टिसच असल्याचं जनुकांवरून सिद्ध केलं.

दुसरी जोडी मेलिऑइडोसिसचीच. १९११ च्या सुमारास रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांना शवविच्छेदनांत फुफ्फुसं, यकृत आणि प्लीहेत गळवं भरलेली दिसू लागली. चित्र घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगासारखं होतं आणि जिवाणूही त्याच्यासारखाच. पण रंगूनचा जिवाणू पोहत होता, प्लेटवर लवकर वाढत होता. ग्लँडर्सचा जिवाणू पोहत नाही. या फरकावरून त्यांनी हा नवा रोग असल्याचं ओळखलं. आज जनुकांवरून दिसतं की ग्लँडर्सचा बर्खोल्डेरिया मॅली हा मेलिऑइडोसिसच्या बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलीपासूनच निघाला. तो घोड्यांच्या शरीरात राहू लागला, त्याने मातीत जगायची जनुकं गमावली आणि पोहणंही गमावलं. शिगेला, पेस्टिस, मॅली या तिघांचीही कथा हीच. मोकळ्या जगातून प्राण्याच्या शरीरात राहायला आलेल्या जिवाणूला पोहण्याचा खर्च परवडत नाही. नातं माहीत असलं की कोणता प्रश्न विचारायचा हे कळतं. आठ-दहा चाचण्या घोकून पाठ करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

आता आपल्या रुग्णाकडे परत येऊ, कारण तिच्या वसाहतीचा कण घासल्यावर ऑक्सिडेजचा कागद जांभळा झाला असता तर? आणि टीएसआयच्या कुपीतही आंबवण्याची काहीच खूण दिसली नसती तर? अशा वेळी बऱ्याच ठिकाणी ‘स्यूडोमोनास’ असं लिहून काम थांबतं. मला या लेखात सगळ्यांत जास्त जोर इथेच द्यायचा आहे. स्यूडोमॅली चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतो. भातशेती, पावसाळा आणि मधुमेह हे तीन घटक एकत्र आले की त्याचा धोका वाढतो. भारतातला या रोगाचा पहिला रुग्ण महाराष्ट्रातला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी एका मुलातला मेलिऑइडोसिस १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कर्नाटकच्या किनाऱ्यावरून आणि तमिळनाडूतून बरेच रुग्ण नोंदले गेले. २०१६ च्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १,६५,००० जणांना हा रोग होतो, ८९,००० जण दगावतात, आणि यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे.

सुदैवाने ओळखीची पहिली पायरी कुठल्याही प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. अगारवर जेंटामायसिन, कोलिस्टिन आणि को-अमॉक्सिक्लॅव या तीन औषधांच्या चकत्या ठेवायच्या. नेहमीचा स्यूडोमोनास एरुजिनोसा बहुधा पहिल्या दोघांना दाद देतो, तिसऱ्याला देत नाही. रुग्णालयातल्या दूषित द्रावणांतून येणारा बर्खोल्डेरिया सेपॅशिया तिघांनाही जुमानत नाही. स्यूडोमॅली पहिल्या दोघांना जुमानत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅवभोवती स्वच्छ वर्तुळ सोडतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जिवाणूत हा नमुना दिसला की पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. प्लेट टाकूनही देऊ नये. दोन-तीन दिवसांनी त्या वसाहती कोरड्या आणि सुरकुतलेल्या होतात, तेव्हा ओळख आणखी पक्की होते. अॅशडाउनच्या खास अगारवर त्या जांभळट दिसतात. मातीतच राहणारा थायलंडेन्सिस नावाचा भाऊ अगदी असाच वागतो, पण माणसाला क्वचितच आजारी पाडतो. तो अरॅबिनोज ही साखर वापरतो, स्यूडोमॅली वापरत नाही. प्लेट नाकाशी नेऊन वास घ्यायची जुनी सवय मात्र इथे पूर्ण सोडायला हवी. या जिवाणूचं काम सुरक्षित कॅबिनेटमध्येच करायचं असतं.

हा खटाटोप रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे. टायफॉइड समजून सेफ्ट्रायाक्सोन दिलं जातं. मेलिऑइडोसिसमध्ये ते पुरेसं ठरत नाही, त्यावर असलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त आढळले आहेत. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम द्यावं लागतं. १९८९ साली थायलंडमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या औषधांऐवजी सेफ्टाझिडिम दिल्यावर गंभीर रुग्णांतले मृत्यू ७४ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. याचा अर्थ असा की जातीचं नाव वेळेवर कळलं तर गंभीर रुग्णांतले निम्मे मृत्यू टळू शकतात.

मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत आता यंत्रं आहेत, पण त्यांचीही मर्यादा समजून घेतली पाहिजे. कार्डावरच्या रासायनिक चाचण्या वाचणारी स्वयंचलित यंत्रं स्यूडोमॅलीला कधी कधी सेपॅशिया ठरवतात. मॅल्डी-टॉफ यंत्र वसाहतीच्या कणावर लेझर सोडून प्रथिनांच्या वजनांचा आलेख काढतं आणि काही मिनिटांत नाव सांगतं. या तंत्राच्या पायाभूत कामासाठी कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. यंत्र आलेख आपल्या साठ्यातल्या आलेखांशी जुळवून पाहतं. साठ्यात स्यूडोमॅली नसेल तर ते सर्वांत जवळचं दुसरं नाव देतं, आणि शिगेला व ई. कोलाय ते खात्रीने वेगळे करू शकत नाही. जनुक वाचनालाही मर्यादा आहेत. १६-एस हे सुमारे दीड हजार अक्षरांचं जनुक सगळ्या जिवाणूंत असतं, पण पेस्टिस आणि स्यूडोट्युबरक्युलोसिसमध्ये किंवा मॅली आणि स्यूडोमॅलीमध्ये ते जवळपास सारखंच निघतं. अशा जोड्यांत रोगाशी थेट संबंध असलेली जनुकं शोधावी लागतात. प्लेगसाठी कॅफ-१ आणि पीएलए, स्यूडोमॅलीसाठी टीटीएस-१.

आदिवासी तालुक्यांत आणखी एक फसवणूक होते. लांबलेला ताप, खोकला, फुफ्फुसात डाग, वजन कमी, असं चित्र असेल तर पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तच आहे. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र थुंकीत क्षयाच्या जिवाणूंच्या गटाचं जनुक शोधतं, ते बॅटरीवरही चालतं आणि लहान केंद्रांतही वापरता येतं. ट्रूनॅट निगेटिव्ह आलं तरी क्ष-किरण चित्रावरून क्षयाचे उपचार सुरू करण्याची पद्धत आहे. अशा रुग्णाला मधुमेह असेल आणि औषधांनी फरक पडत नसेल, तर थुंकी, रक्त आणि गळवातला पू कल्चरसाठी पाठवायला हवा. मेलिऑइडोसिसमध्ये फक्त रक्ताचं कल्चर केलं तर जवळपास निम्मे रुग्ण हातून निसटतात, म्हणून जिथून नमुना मिळेल तिथून घ्यावा.

प्रयोगशाळेतल्या माणसाला रुग्ण दिसत नाही, त्याला फक्त बाटली आणि मागणीची चिठ्ठी दिसते. चिठ्ठीवर ‘पीयूओ’, म्हणजे कारण न कळलेला ताप, एवढंच लिहिलेलं असेल तर ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जिवाणूचं काम ‘स्यूडोमोनास’वर थांबण्याची शक्यता मोठी आहे. तिथेच ‘मधुमेह, आवणीचं काम, आठ दिवस ताप, सेफ्ट्रायाक्सोन दिलेलं नाही’ एवढी एक ओळ असेल तर तंत्रज्ञ तीन चकत्या लावतो आणि प्लेट चार दिवस ठेवतो. सुरगाण्यातल्या डॉक्टरांना या तपासणीत भाग घ्यायचा असेल तर त्यासाठी लागणारं साधन एक पेन आहे.

अहवाल परत आला की नावाप्रमाणे कामं वेगळी होतात. टायफी असेल तर घरातल्यांची विचारपूस, विहिरीच्या किंवा झऱ्याच्या पाण्यातला क्लोरीन पाहणारी ओटी चाचणी, पाण्यात टाकायची क्लोरीनची टीसीएल पावडर, आणि बऱ्या झालेल्या माणसाच्या शौचात जिवाणू राहिला आहे का याचा तपास. शिगेला किंवा कॉलरा असेल तर गावभर त्याच दिवशी फिरावं लागतं. स्यूडोमॅली असेल तर गावात साथ पसरण्याची भीती नसते, तो माणसाकडून माणसाला जवळपास कधीच जात नाही, पण रुग्णाची जबाबदारी लांबते. आधी किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून औषध, मग सुमारे तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या, मधूनमधून मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची तपासणी. गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो. श्रावणात उपचार सुरू झालेल्या त्या बाईच्या गोळ्या दिवाळीच्या आगेमागे चालूच असतील. याच सुमारास सुरगाण्यातली कुटुंबं द्राक्षांच्या छाटणीसाठी दिंडोरी आणि निफाडच्या बागांवर कामाला जातात. म्हणून तिच्या कार्डावर जिवाणूचं पूर्ण नाव, औषधाचा डोस आणि संपायची तारीख मराठीत लिहिलेली असावी. उरलेल्या गोळ्या तिच्या हातात द्याव्यात, आणि ती ज्या गावी जाणार आहे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवावं.